वाचकांचे प्रश्न : तुरुंगाबाहेर आल्यावर सांगितलेली गोष्ट

प्रश्न : मुलीकडे बर्लिनला गेले होते तेव्हा ‘रेआस’ हा अर्जेंटिनाचा चित्रपट पाहण्यात आला. तुरुंगवास भोगून सुटलेल्या स्त्रिया त्यात स्वतःचेच आयुष्य गाऊन आणि नाचून दाखवतात. पाहताना मी गुंतून गेले, पण घरी आल्यावर मन अस्वस्थ झाले. ज्या दिवसांतून त्या कशाबशा बाहेर पडल्या, तेच दिवस त्यांना कॅमेऱ्यासमोर पुन्हा जगायला लावणे म्हणजे जखमेवरची खपली काढणे नव्हे काय? आणि इतक्या गंभीर विषयात नाचगाणे कशाला?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची शंका रास्त आहे आणि अशा प्रत्येक कामाबाबत ती विचारलीच पाहिजे. आधी हा चित्रपट कसा घडला ते पाहू. दिग्दर्शिका लोला आरियास यांनी २०१९ मध्ये ब्युनोस आयर्सजवळच्या एसेइसा येथील महिला तुरुंगात नाटक आणि चित्रपटाची कार्यशाळा घेतली होती. चित्रपटात मात्र शिक्षा संपवून बाहेर आलेल्या स्त्रिया आणि पारलिंगी व्यक्ती आहेत आणि त्याचे चित्रीकरण शहरातल्या कासेरोस या बंद पडलेल्या तुरुंगात झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तो बर्लिनच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला. ज्या फाटकातून संध्याकाळी आपण आपल्या पायांनी बाहेर पडणार आहोत, त्या फाटकाच्या आत उभे राहून बोलणे आणि कोठडीत बसून बोलणे यांत फार अंतर आहे.

आता खपलीविषयी. आरोपी स्त्रीने आपली हकिकत कधी सांगितलेलीच नसते, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात ती तिने कितीदा तरी सांगितलेली असते : ठाण्यात, वकिलासमोर, न्यायालयात, सुटकेचा अर्ज करताना. पण तो सारा जबाब असतो. प्रश्न दुसऱ्याचे, क्रम दुसऱ्याचा, आणि गुन्ह्याशी संबंध नसलेले सगळे गाळलेले. ‘रेआस’मधल्या एका तरुणीच्या पाठीवर आयफेल टॉवर गोंदवलेला आहे. तिला युरोप पाहायचा होता, आणि विमानतळावरच अमली पदार्थांच्या प्रकरणात तिला अटक झाली. पोलिसांच्या कागदावर ते गोंदण फार तर ओळखीची खूण म्हणून आले असते, चित्रपटात मात्र ती एका मुलीची इच्छा आहे. कशापासून सुरुवात करायची, काय सांगायचे आणि काय मनातच ठेवायचे हे जिथे तिला ठरवता येते, तिथे तेच दिवस पुन्हा उभे करणे ही शिक्षा उरत नाही, असे मला मनापासून वाटते.

नाचगाण्याचे उत्तरही इथेच आहे. आपल्याकडच्या बायकांनी सासुरवास जात्यावर बसून ओवीत सांगितला, कारण जे उघड बोलता येत नव्हते ते सुरात बोलता येत होते, आणि ओवी कोणाची, दुःख कोणाचे, हे कोणी नेमके विचारत नसे. गाण्याने दुःख हलके होत नाही, ते सांगणारीला थोडा आडोसा मिळतो. ‘रेआस’मध्ये त्या केवळ घडलेले दाखवत नाहीत, अजून न आलेले दिवसही कल्पनेने रचतात, आणि तशी मोकळीक साध्या मुलाखतीत मिळणे कठीण.

हाच आडोसा सॅन फ्रान्सिस्कोमध्ये पुराणकथेने दिला. रंगकर्मी रोडेसा जोन्स तिथल्या तुरुंगात स्त्रियांना एरोबिक्स शिकवायला गेल्या, तेव्हा त्यांच्या लक्षात आले की या बायकांना व्यायामापेक्षा बोलण्याची भूक अधिक आहे. त्यातून १९८९ मध्ये ‘मेडिया प्रोजेक्ट’ उभा राहिला. नवऱ्याने टाकल्यावर पोटच्या मुलांना मारणाऱ्या मेडियाची ग्रीक कथा समोर ठेवली की अपराध, संताप आणि आईपण यांवर बोलायला वाट मिळते, आणि ‘मी’ हा शब्द केव्हा वापरायचा हे जिचे तिने ठरवायचे असते.

इंग्लंडमधल्या ‘क्लीन ब्रेक’ची गोष्ट तर मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती नाट्यसंस्था १९७९ मध्ये यॉर्कशायरच्या ॲस्कम ग्रेंज तुरुंगातल्या दोन कैदी स्त्रियांनीच सुरू केली. २०१२ मध्ये लंडनच्या डॉनमार नाट्यगृहाने तिच्या सहकार्याने शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ केले. महिला तुरुंगात घडणाऱ्या त्या प्रयोगात सर्व भूमिका स्त्रियांनीच केल्या आणि नटसंचात ‘क्लीन ब्रेक’मधून तयार झालेल्या अभिनेत्रीही होत्या. तुरुंगातून आलेल्या स्त्रीने जन्मभर स्वतःचीच कहाणी सांगत राहावे, अशी सक्ती का असावी? तिला ब्रूटसही करता आला पाहिजे.

तुमच्या शंकेतला एक भाग मात्र शिल्लक राहतो. आरियास यांना नाट्यक्षेत्रातला २०२४ चा आंतरराष्ट्रीय इब्सेन पुरस्कार मिळाला, तो योग्यच आहे. पण महोत्सव संपल्यावर या स्त्रियांना काम आणि घर शोधायला निघावे लागते. चित्रपटातल्याच सहा जणांना घेऊन आरियास यांनी ‘बाहेरचे दिवस’ अशा अर्थाच्या नावाचे नाटक केले. सुटकेनंतरचे जगणे हाच त्याचा विषय आहे, आणि ते २०२४ मध्ये फ्रान्समधल्या आविन्यों नाट्यमहोत्सवातही झाले. म्हणजे हा प्रश्न आरियास यांनाही टाळता आलेला नाही.

प्रश्न : आमच्या हौशी नाट्यसंस्थेत तुरुंगातून सुटून आलेल्या एक ताई येतात. त्यांच्या आयुष्यावर एकांकिका करायला त्यांनी होकार दिला आहे. कोणती काळजी घ्यावी?
— एक नाट्यकर्मी, कोल्हापूर

उत्तर : होकार एकदा घेऊन भागत नाही. संहिता तयार झाल्यावर, तालमीत आणि प्रयोगाच्या आदल्या दिवशीही तो पुन्हा विचारा, आणि एखादा प्रसंग गाळायला ताईंनी सांगितले तर कारण मागू नका. अपील प्रलंबित असेल तर वकिलांना विचारल्याशिवाय खटल्यातले काहीही रंगमंचावर आणू नका. ज्यांचे त्या गुन्ह्यात नुकसान झाले, त्यांची ओळख पटेल असा तपशील वगळा, कारण त्यांनी होकार दिलेला नाही. ताईंच्या मुलांचे नाव, शाळा, गाव यांचा उल्लेख नको. प्रेक्षागृहात मोबाईलवर चित्रण करू देऊ नका, कारण प्रयोग तासाभरात संपतो आणि चित्रफीत वर्षानुवर्षे फिरत राहते. आणि संस्था हौशी असली तरी तालमीमुळे ताईंची जेवढी रोजंदारी बुडेल तेवढी रक्कम, प्रवासखर्चासह, पहिल्या तालमीपासून द्या.