बांधाकडचे दोन वाफे

प्रिय सोनू,

सप्रेम सलाम.

ईस्टरच्या सुट्टीत आपण गावी होतो तेव्हा आजीच्या गव्हात हार्वेस्टर आला होता. शेवटाला आजीने ड्रायव्हरला हात केला आणि बांधाकडचे दोन वाफे तसेच उभे ठेवायला लावले. परतताना विमानात तू विचारलंस, "पप्पा, आजीने तेवढा गहू का सोडला? ही मराठी रीत आहे की ख्रिस्ती? आणि किती पैसे गेले?" मी तेव्हा "नंतर सांगतो" म्हणालो. दोन शब्दांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून हे पत्र. सावकाश वाच, अडलं तर विचार.

आधी एक शब्द शिकून घे : सरवा. कापणीनंतर शेतात गळून राहिलेल्या ओंब्या, कणसं, भुईमुगाच्या शेंगा म्हणजे सरवा. ज्यांच्या घरी शेत नाही त्या बायका तो वेचायला जायच्या. शब्द आपल्या शेतातला आहे आणि आपल्या मराठी बायबलातही तोच आहे. त्यातल्या लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात देव सांगतो की शेताच्या कडेपर्यंत कापू नका, सरवा गोळा करू नका, गरिबासाठी आणि उपऱ्यासाठी तो राहू द्या. अनुवाद नावाच्या पुस्तकात तर याच्याही पुढे जाऊन म्हटलंय, की एखादी पेंढी शेतात विसरली तर ती आणायला परत जाऊ नका. मला त्यातलं 'राहू द्या' फार आवडतं. दिलं की घेणाऱ्याला हात पसरावा लागतो. राहू दिलं की तो आपला येतो, वाकतो, वेचतो आणि स्वतःच्या कष्टाचं घेऊन घरी जातो.

रूथची गोष्ट तू संडे स्कूलमध्ये ऐकली आहेस. आता ती शेतात उभं राहून ऐक. रूथ मवाबी, म्हणजे परक्या मुलखातली. नवरा वारलेला, सोबत म्हातारी सासू नामी. दोघी बेथलेहेमला पोचल्या तेव्हा सातूची कापणी नुकती लागली होती. रूथ कापणाऱ्यांच्या मागे सरवा वेचायला गेली. शेत बवाजचं होतं. तो तिला म्हणाला, दुसऱ्याच्या शेतात जाऊ नकोस, तहान लागली की गड्यांनी भरलेल्या भांड्यातलं पाणी पी. दुपारी त्याने तिला माणसांत जेवायला बसवलं, भाजलेले दाणे दिले. (मला वाचताना तो आपला हुरडाच दिसतो.) तिने पोटभर खाल्लं आणि उरलेलं सासूसाठी बांधून घेतलं. मग त्याने गड्यांना हळूच सांगितलं की पेंढ्यांतून थोडं मुद्दाम ओढून टाका, आणि तिला रागावू नका. संध्याकाळी रूथने वेचलेलं झोडपलं तेव्हा एफाभर सातू निघाले, म्हणजे आपल्या वीसेक लिटरच्या डब्यात मावतील एवढे. ते जास्तीचे कुठून आले, हे तिला बवाजने कळू दिलं नाही. पुढे त्यांचं लग्न झालं. दावीद राजा हा रूथचा पणतू, आणि मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिताना या परक्या बाईचं नाव घातलं.

आता आपल्या घरचं. आजीची आई, म्हणजे तुझी पणजी, गावकुसाबाहेर राहायची. ओंजळभर जमीन नव्हती. गहू निघाले की ती पदर खोचून सरव्याला जायची आणि सात-आठ वर्षांची आजी तिच्या मागे. गव्हाची कुसळं बोटांत मोडायची. रात्री चिमणीच्या उजेडात आजी आईचा हात मांडीवर घेऊन एकेक कुसळ नखाने काढायची. ते सांगताना आजही ती स्वतःची बोटं चोळते. एक शेतकरी काठी घेऊन बांधावर बसायचा, बायका दिसल्या की शिव्या द्यायचा. दुसरा एक होता, तो त्या आल्या की पाठ करून विहिरीकडे निघून जायचा. पणजी त्याला बवाज म्हणायची. पुढे आजोबा मास्तर झाले, पगारातून त्यांनी ही दोन एकर घेतली, आणि पहिल्याच हंगामात आजीने बांधाकडचे दोन वाफे सोडले.

तर मराठी की ख्रिस्ती? आपल्या गावांत खळ्यावर रास पडली की बलुतेदारांना वाटा द्यायची रीत होती. पण कोणाला काय आणि किती, ते जातीवर ठरायचं, आणि पणजीसारख्यांना त्या वाट्यासाठी उभ्या जन्माची चाकरी करावी लागायची. बांधाकडचा वाफा कोणाची जात विचारत नाही. म्हणून शेत मराठी, शब्द मराठी, पण दोन वाफे सोडायला आजीला बायबलने शिकवलं असं मी म्हणेन.

आजी पंडिता रमाबाईंचंही सांगते. त्यांचे आईवडील दुष्काळात गेले. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या रमाबाईंच्या आश्रमात त्या मुलींना भाकरी मिळाली, अक्षरओळख झाली आणि हाताला काम मिळालं. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी सगळं बायबल साध्या मराठीत आणलं, ते याच बायकांना वाचता यावं म्हणून.

तुझ्या या इंग्लंडातही सरवा होता. इथल्या गरीब बायका पिढ्यान्‌पिढ्या गहू वेचत. 1788 साली कोर्टाने निकाल दिला की सरवा वेचणं हा गरिबांचा हक्क नाही. तरी त्या बायका पुढे कितीतरी वर्षं वेचत राहिल्या. आणि सोनू, बायबलात 'उपरी' म्हटलंय ते आपणच. आपण लेस्टरला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात चर्चमधल्या एका बाईंनी दारात गरम कोटांची पिशवी ठेवली, बेल वाजवली आणि आम्ही दार उघडेपर्यंत त्या कोपऱ्यावर वळल्याही होत्या. तू पहिली दोन वर्षं त्यातलाच निळा कोट घातलास.

आपल्याकडे शेत नाही. म्हणून तुझी आई शनिवारची सकाळ कशालाच बांधत नाही, ज्यांना इंग्रजी फॉर्म भरता येत नाहीत त्या बायका तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात येतात. तू त्या वेळी चिडतेस, मला माहीत आहे. पुढच्या वेळी टेबलावरची तुझी वही आपणहून थोडी सरकव.

पैशांचं राहिलं. काल फोनवर आजीला तुझा प्रश्न विचारला, की दोन वाफ्यांत किती गहू गेला. ती म्हणाली, "अरे, ते मोजायचं म्हणजे मला बांधावर उभं राहावं लागलं असतं. मग त्या बाया आल्या असत्या का?"

तुझे,
पप्पा