गट तोच राहू द्या, काम बदला

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गुण कायम ८५ टक्क्यांच्या वर. या सत्रात पाच जणांच्या गटाला २५० लोकांच्या वस्तीसाठी सौरपंपावरची पाणीयोजना आखायची आहे. १४ आठवड्यांपैकी पाच संपले. एक मुलगा फिरकतच नाही, तिघं डिझाइन करतात आणि अहवाल, स्लाइड सगळं हिच्या गळ्यात. आधीच्या दोन प्रकल्पांतही तेच झालं. मी विभागप्रमुखांना फोन करून गट बदलून मागितला, त्यांनी नकार दिला. तिचं जागरण टळावं म्हणून अहवालाचं एक प्रकरण मीच लिहून दिलं. असल्या समाजसेवेच्या प्रकल्पातून नोकरी मिळते का? हे कसंबसं उरकून तिला कोडिंगच्या कोर्सला घालू का? – एक वडील

उत्तर : नोकरीचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात. मी मात्र त्याच्या आधीच्या दोन वाक्यांवरच अडकले.

मुलगी रात्र रात्र जागते आणि श्रेय पाच जणांत वाटलं जातं, हे कुठल्याही बापाला बघवणार नाही. तरी स्पष्ट सांगते : तो फोन करायला नको होता आणि ते प्रकरण तर मुळीच लिहून द्यायला नको होतं. परीक्षेत तिच्या जागी बसून तुम्ही पेपर सोडवला असतात का? हे त्याच जातीचं आहे. फोनचं नुकसान आणखी लांब जातं. उद्या ती खरी अडचण घेऊन विभागप्रमुखांकडे गेली, तर त्यांना आधी तुमचा फोन आठवेल. आणि गटाला हे कळलं असेल (अशा गोष्टी लपत नाहीत), तर चौघांच्या नजरेत ती 'घरून तक्रार करवणारी' ठरली. गटातला तिढा सोडवणं हाच या विषयाचा निम्मा अभ्यासक्रम आहे. नेमका तोच तुम्ही तिच्या हातून काढून घेत आहात.

याहून गंभीर गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात. तीन प्रकल्प, आणि तिन्हींत अहवाल व स्लाइड. मिश्र गटांमध्ये लिखाण, नोंदी आणि सादरीकरण मुलींकडे सरकतं, गणितं आणि जोडणी मुलांकडे. कुणी ठरवून करत नाही. पहिल्या बैठकीत एक जण म्हणतो, "तुझी भाषा चांगली आहे, अहवाल तू घे." कौतुकच वाटतं, म्हणून नाही म्हणवत नाही. चौथ्या वर्षी मुलाखतीत विचारतात, "पॅनेल ४०० वॉटचंच का घेतलं?" "ते गटातल्या दुसऱ्यानं काढलं होतं," असं उत्तर आलं की पुढचे प्रश्न औपचारिकच असतात. माझ्या दृष्टीनं, न फिरकणाऱ्या त्या मुलापेक्षा हा धोका मोठा आहे.

आता 'समाजसेवे'बद्दल, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे. असे प्रकल्प शाश्वतता शिकवतात, म्हणजे योजना वर्षानुवर्षं कशी टिकेल ते. लोक मात्र शाश्वतता म्हणजे भित्तिपत्रकं आणि झाडं, असं धरून चालतात. तिच्याच प्रकल्पाचं गणित बघा. २५० माणसं, माणशी २० लिटर (आपत्तीकाळातल्या मदतकार्यासाठी 'स्फिअर' या आंतरराष्ट्रीय मानकांचं किमान प्रमाण १५ लिटर आहे), म्हणजे दिवसाला ५,००० लिटर. ते ४० मीटर वर चढवायला साधारण ०.५५ युनिट ऊर्जा लागते. मोटर-पंपाची एकूण कार्यक्षमता ४० टक्के धरली तर १.३६ युनिट. दिवसातून पाच तास पूर्ण ऊन मिळालं तर पॅनेल २७२ वॉटचं. धूळ, उष्णता आणि तारांमधला तोटा मिळून ३० टक्के धरला की ३९० च्या आसपास, म्हणजे ४०० वॉट. इथवरचं इंजिनिअरिंग तुम्हाला ओळखीचं वाटेल. शाश्वततेचा भाग पुढे सुरू होतो. ढगाळ दिवसांसाठी बॅटरी ठेवायची की पाण्याचीच मोठी टाकी? बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते आणि जुनीची विल्हेवाट लावावी लागते. दोन-तीन दिवसांचं पाणी मावणारी १० ते १५ हजार लिटरची टाकी तेच काम निमूट करते. पंप बिघडला तर सुटा भाग कुठून येणार, कोण बसवणार, पैसे कोण भरणार? हे न विचारल्यामुळेच आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या देशांत बसवलेले 'प्लेपंप' गाजले आणि मग फसले. मुलांनी चक्रावर खेळायचं आणि पाणी वर यायचं, अशी कल्पना होती. खेळणारी मुलं नसली की बायकांना ते जड चक्र ढकलावं लागे, आणि बिघडलं की गावात दुरुस्ती होत नसे. इंजिनिअरिंगच्या पदव्यांना परस्पर मान्यता देणारा वॉशिंग्टन करार १९८९ चा आहे. त्याच्याशी जोडलेल्या पदवीधर-गुणवैशिष्ट्यांत शाश्वत विकास आणि गटकार्य दोन्ही आहेत. २०२१ च्या आवृत्तीत तर संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांचाही उल्लेख आहे. कॉलेज हे हौसेनं करत नाहीये.

तर आता काय करायचं? हे तिनं करायचं आहे, तुम्ही नाही. तुम्ही लिहिलेलं प्रकरण तिनं काढून टाकावं आणि पुढच्या बैठकीत "मलाही काहीतरी द्या" असं न म्हणता नेमकं मागावं : "टाकी आणि पॅनेलचं गणित मी घेते. ज्यानं जे काढलं त्यानं तो भाग लिहायचा. दुसऱ्यानं आकडे तपासायचे. गुरुवारपर्यंत." तपासणीची अट सोडू नये. पाच जणांनी वेगवेगळी लिहिलेली प्रकरणं शेवटच्या रात्री चिकटवली, की एकाकडे प्रवाह लिटर प्रतिमिनिट आणि दुसऱ्याकडे घनमीटर प्रतितास निघतो आणि पंपच चुकीचा निवडला जातो. एक निर्णयवही ठेवावी : तारीख, निर्णय, कारण, नाकारलेला पर्याय. मुलाखतीची खरी तयारी त्या वहीतच होते.

न फिरकणाऱ्या मुलाशी तिनं आधी एकटीनं बोलावं, कधीकधी कारण खरं असतं. मग त्याला तारखेसह छोटं काम द्यावं आणि ते वहीत लिहावं. तरी झालं नाही, तर सातव्या आठवड्यात वही घेऊन गटानंच मार्गदर्शकांकडे जावं. तेराव्या आठवड्यात केलेल्या तक्रारीचा काही उपयोग होत नाही. सहकाऱ्यांनी एकमेकांचं मूल्यमापन करण्याची पद्धत तिथे आहे का, हेही विचारावं. गटाला ७० गुण, निम्मे सरसकट आणि निम्मे सहभागानुसार असले, तर सहकाऱ्यांकडून सहभागाचा ०.८ गुणांक मिळालेल्याला ३५ अधिक २८, म्हणजे ६३ मिळतात. अन्याय पुरता जात नाही, पण बराच कमी होतो.

कोडिंगचा कोर्स : त्याचा अभ्यासक्रम छापील असतो, तिसऱ्या वर्षापासून रोज दोन तास दिले तरी चालतं. त्यासाठी हा प्रकल्प उरकू नये. हवं तर वर्षभराच्या उन्हाच्या नोंदी घेऊन टाकी किती दिवस रिकामी राहील, हे काढणारा छोटा प्रोग्राम तिनं याच प्रकल्पासाठी लिहावा.

तुम्हाला मदत करायचीच असेल तर एकच करा. तिला विचारा, "४० मीटर कुठून आले?" विहिरीतलं स्थिर पाणी मोजून कुणी तो आकडा घेतला असेल, तर तो कमी आहे. पंप चालू झाला की पातळी खाली जाते, शिवाय टाकीची उंची आणि पाइपमधलं घर्षण वेगळं. उत्तर तिला आलं नाही तर शोधून देऊ नका. ज्यानं तो आकडा काढला, त्याला तिनंच बैठकीत विचारायचं आहे.