पोराला शिडाच्या होडीत बसवण्याआधी

उजनीच्या पाण्यात पोराला शिडाची होडी शिकवायची म्हणताय, तर पहिले दोन दिवस शीड बांधूच नका. तुमच्या कमरेएवढ्या पाण्यात उभे राहा आणि होडी मुद्दाम उलटी करा, जॅकेट घातलेल्या पोरासकट. ती सरळ करून आत चढायला जमलं की निम्मी भीती तिथंच जाते. माझी लेक तर "अजून एकदा पाडा ना पप्पा" म्हणून मागं लागायची.

लाइफ जॅकेट मोठ्या भावाचं चालवून घेऊ नका. खांद्याला धरून वर ओढा. कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे. होडी ऑप्टिमिस्टच बघा. २.३६ मीटर लांब, एकच शीड, १५ वर्षांपर्यंतच्या मुलांची. वळताना शिडाखालची आडवी काठी डोक्यावरून सपकन फिरते, म्हणून "वाक!" ही हाक काठावरच घटवून घ्या.

वारा काठाकडून आत वाहत असेल तर होडी सोडायचीच नाही, पोर आत आत जातं. जाळी कुठं लावलीत ते कोळ्यांना विचारा. उन्हाळ्यात नऊच्या आत आटपा; सोलापूरचं ऊन काय सांगायचं! आणि त्याला अजून हवं असतानाच बाहेर काढा. काठावर कडक भाकरी न् शेंगाचटणी तयार ठेवा.