दिवा लागतो, दारही लागतं

या वेळच्या पत्रांत बहुतेक प्रश्न एकाच जातीचे आहेत. गेट, पुट, टेक, गो ही साधीसुधी क्रियापदं आणि त्यांच्या मागे लागलेलं अप, ऑफ, आऊट, इन. यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. बाकीचे विषय बाजूला ठेवून आज एवढंच घेऊ.

मुलगी कॅनडाला जायची तयारी करते आहे. क्लासमधून फ्रेझल व्हर्बची भलीमोठी यादी मिळाली आहे, रोज पाठ करायची. रात्री मी विचारतो तेव्हा येतं, सकाळी सगळं साफ. काय करावं? (निवृत्त बँक अधिकारी, मांजलपूर)

काका, यादी कपाटात ठेवा आणि रात्रीची परीक्षाही थांबवा. पुट ऑफ, पुट आऊट, पुट अप विथ एकाखाली एक लिहिले की ते डोक्यातही एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा मागचा छोटा शब्द काय काम करतो, ते तिला बघू द्या. आपल्याला हा प्रकार मुळीच नवा नाही. ‘सेवउसळ खाऊन टाक’ म्हणताना आपण काहीच टाकायला सांगत नाही. टाक म्हणजे उरवू नकोस. ‘खाऊन घे’मध्ये नंतर वेळ मिळणार नाही ही सूचना असते, ‘खाऊन बघ’मध्ये चव, आणि ‘खाऊन बसला’मध्ये बोलणाऱ्याची नाराजी. शेजारचे गुजराती ‘खाई नाख’ म्हणतात, तिथेही काही फेकायचं नसतं. आपण दुसरं क्रियापद जोडून जे साधतो, ते इंग्रजी माणूस अप, ऑफ, आऊट जोडून साधतो. ईट अप, ड्रिंक अप, यूज अप, टेअर अप या चौघांत अपचा ‘वर’शी काही संबंध नाही; तो म्हणतो, पुरतं कर. ड्रिंक अप म्हणजे पिऊन टाक. फाइंड आऊट, पॉइंट आऊट, टर्न आऊट यांत झाकलेलं काहीतरी उघड्यावर येतं. अशा चार-पाच शब्दांचे स्वभाव कळले की निम्मं ओझं उतरतं.

निम्मंच. पुट अप विथ म्हणजे सहन करणं, आणि त्या तीन शब्दांकडे कितीही वेळ टक लावून बसलं तरी त्यांत सहनशीलता सापडत नाही. तसले मात्र वाक्यासकट पाठ करावे लागतात.

मुलीला धीर द्यायचा तर सांगा, कोशकार सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच लिहून ठेवलंय की परक्यांना सगळ्यांत जड जातं ते हेच. पुढे १९३०मध्ये सी. के. ऑग्डेन या इंग्रज भाषातज्ज्ञाने ८५० शब्दांचं सोपं इंग्रजी, ‘बेसिक इंग्लिश’, मांडलं. त्यात क्रियापदं अवघी १८! ऐकायला सोपं वाटतं, पण एवढ्याशा क्रियापदांत सगळं बोलायचं तर गिव्ह अप आणि पुट आऊट यांच्यावाचून चालत नाही. शब्द कमी झाले आणि कोडी वाढली.

मुलाने ‘टर्न ऑफ इट’ लिहिलं, बाईंनी चूक दिली. मग ‘टर्न ऑफ द लाइट’ बरोबर कसं? (एक आई, दांडिया बाजार)

बाईंचं बरोबर आहे. नाम असेल तर टर्न ऑफ द लाइट किंवा टर्न द लाइट ऑफ, काहीही चालतं. सर्वनाम आलं की ते मध्येच बसतं: टर्न इट ऑफ. मोठ्याने म्हणून बघा, जोर ऑफवर येतो. इंग्रजी वाक्याचा शेवट वजनदार शब्दाला लागतो, आणि इट अगदी हलका; कशाबद्दल बोलणं चाललंय ते दोघांनाही आधीच ठाऊक असतं. उलट वस्तूचं वर्णन लांबलचक असेल, ‘स्वयंपाकघरात तू रात्रभर चालू ठेवलेला दिवा’ असं, तर ऑफ आधीच उरकून घ्यावा.

आता ताई, पुढची चूकही सांगून ठेवते. हा नियम कळला की मुलगा ‘लुक हर आफ्टर’ लिहील. ते चालत नाही, सांभाळणं या अर्थी लुक आफ्टर हर असंच हवं. शाळेतलं मराठी व्याकरण आठवा: ‘पतंग वर गेला’ यातलं वर हे क्रियाविशेषण, आणि ‘पतंग गच्चीवर पडला’ यातलं वर हे शब्दयोगी. गच्चीपासून ते वर तोडून दुसरीकडे नेता येत नाही. टर्न ऑफमधला ऑफ पहिल्या जातीचा, लुक आफ्टरमधला आफ्टर दुसऱ्या. बडोद्याच्या मुलाला उत्तरायणाचं उदाहरण दिलंत तर विसरायचा नाही. आणि ‘लाइट बंद कर’वरून ‘क्लोज द लाइट’ लिहीत नाही ना, तेवढं बघा.

अलार्म वेंट ऑफ म्हणजे वाजला, लाइट्स वेंट ऑफ म्हणजे गेले, आणि मिल्क हॅज गॉन ऑफ म्हणजे नासलं. इंग्रजांचा स्वतःचा गोंधळ होत नाही का? (विद्यार्थी, कारेलीबाग)

दिवा लागला म्हणजे उजेड झाला, दार लागलं म्हणजे बंद झालं. नोकरी लागते, ठेच लागते, वेडही लागतं. तुझा कधी गोंधळ झाला? काय लागलं यावरून आपण अर्थ धरतो, तेही तसाच धरतात. तरी धागा हवाच असेल तर ऑफ म्हणजे सुटणं असं धर: अडवून ठेवलेला अलार्म सुटतो, दिव्याचा विजेशी संबंध सुटतो, दुधाचा चांगलेपणा सुटतो. शेवटचं थोडं ओढूनताणून आहे, पण लक्षात राहतं. दुधाचा प्रयोग ब्रिटिश आहे. अमेरिकेत वेंट बॅड म्हणतात.

नातीने अमेरिकेतल्या नातेवाइकांना कळवलं की ती ‘पास्ड आऊट’ झाली. तिथून घाबरून फोन आला, आता तब्येत कशी आहे! (आजी, रावपुरा)

आजी, तिकडे पास आऊट म्हणजे बेशुद्ध पडणं. पण नातीला रागावू नका. ब्रिटिश इंग्रजीत लष्करी प्रशिक्षण पुरं करण्याला पास आऊटच म्हणतात, डेहराडूनला पासिंग आऊट परेड होते ती हीच. आपण तो शब्द कॉलेजपर्यंत आणला. इथल्या इथे लिहिताना मी त्याला चूक मानणार नाही. परदेशी अर्जात मात्र ग्रॅज्युएटेड लिहावं.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या निबंधात हे प्रयोग टाळावेत का?

सगळे नकोत. पुट ऑफऐवजी पोस्टपोन शोभतं, पण कॅरी आऊट किंवा पॉइंट आऊट गंभीर लेखनातही सर्रास येतात. तोंडी परीक्षेत आणि मित्राला लिहायच्या पत्रात मोकळेपणाने वापरा, तिथे उलट पुस्तकी इंग्रजीच खटकतं.

ऑफिसच्या मेलमध्ये लॉगइन जोडून लिहायचं की तोडून? फॉर्म फिल इन की फिल आऊट? आणि कोप अप विथ चालतं का?

क्रिया असेल तर लॉग इन तोडून, नाम असेल तर जोडून. सेटअप आणि चेकआऊटचंही तेच. फॉर्म ब्रिटनमध्ये बहुधा फिल इन करतात, अमेरिकेत फिल आऊट. भरला जातो दोन्हीकडे. कोपच्या मागे अप लावू नका, नुसतं कोप विथ. कॅच अप विथ, कीप अप विथ ऐकून ऐकून तो अप तिथे येऊन बसलाय.