उभ्याने ओढायचा रॉड : लांबी किती, ब्लँक कोणता?

प्रश्न : मी नाशिकला गंगापूर रोडवर राहतो आणि गेली बारा वर्षे गंगापूर व दारणा धरणांच्या काठी नऊ फुटी रॉडने रोहू, कटला पकडत आलो आहे. येत्या हिवाळ्यात मित्रांबरोबर टूनासाठी अंदमानला जाण्याचे ठरले असून, त्यासाठी स्टँड-अप, म्हणजे बोटीवर उभे राहून मासा ओढायचा, रॉड बांधून घ्यायचा आहे. कारागीर लांबी आणि ब्लँक (कड्या, मुठी बसवण्याआधीची रॉडची मूळ काठी) विचारत आहेत. माझी उंची पाच फूट पाच इंच आहे. लांब रॉडने जोर अधिक लागतो, म्हणून सात फुटी आणि पूर्ण ग्राफाइटचा (कार्बनतंतूंचा) ब्लँक घ्यावा असे माझ्या मनात आहे. हे योग्य ठरेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या दोन्ही निवडी आम्ही बदलायला सांगू. लांब रॉडने जोर अधिक लागतो हा समज धरणाच्या काठावर पक्का होतो, कारण तेथे लांबीचा उपयोग गळ दूर फेकण्यासाठी आणि दोरी पाण्यावर उचलून धरण्यासाठी असतो. बोटीवर उभे राहून मोठा मासा ओढताना मात्र रॉड ही तरफ असते आणि तिची लांब बाजू माशाकडे असते. रॉडचे बूड कमरेला बांधलेल्या पट्ट्याच्या वाटीत टेकलेले असते आणि आपला पुढचा हात त्यापासून साधारण 28 इंचांवर येतो. दोरीवर 7 किलोचा ताण असेल आणि रॉड सरळ आहे असे ढोबळमानाने धरले, तर सात फुटी म्हणजे 84 इंची रॉडवर त्या हाताला तिप्पट, म्हणजे 21 किलो भार पेलावा लागतो. साडेपाच फुटी रॉडवर तोच भार साडेसोळा किलोंच्या आसपास राहतो. शिवाय रॉड वाकून टोकाचे आडवे अंतर 42 इंचांवर आले, तर तो साडेदहा किलोंवर उतरतो. ब्लँकने कोठे आणि किती वाकावे, हा प्रश्न म्हणूनच लांबीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

या हिशेबातले 7 किलो आम्ही उगाच घेतलेले नाहीत. रीलचा ड्रॅग, म्हणजे ज्या ताणाला रील दोरी सोडू लागते तो ताण, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवण्याचा प्रघात आहे. 50 पौंडी दोरीला तो 12 ते 16 पौंड, म्हणजे साडेपाच ते सव्वासात किलो येतो, तर 80 पौंडी दोरीला 9 ते 12 किलो. मासा किती मोठा मिळेल यावरून रॉड ठरवण्याकडे बहुतेकांचा कल असतो. आमच्या मते तो आपण हलत्या बोटीवर उभ्याने किती ताण अर्धा तास सोसू शकतो यावरून ठरवावा. पहिल्याच खेपेला 80 पौंडी सामान घेऊ नये. एक घरगुती परीक्षा करून पाहा : साडेपाच फुटी बांबूच्या टोकाला सात लिटर पाण्याची बादली टांगा, बूड ओटीपोटाशी पट्ट्यात टेकवा, हात 28 इंचांवर धरा आणि बांबू आडवा ठेवून पाच मिनिटे उभे राहा. मग तेच सात फुटी बांबूने करा. (बादली अंगणातच टांगावी, गॅलरीतून टांगल्यास खालच्या मजल्यावरील मंडळींशी संबंध बिघडतात.)

तरीही लांबी कमी करीत पाच फुटांवर जाऊ नका. मासा बोटीखाली शिरला की दोरी काठाला घासू न देता टोक बाहेर काढून, आउटबोर्ड इंजिनांना वळसा घालून पलीकडे न्यावे लागते, आणि तेथे आखूड रॉड अपुरा पडतो. साडेपाच ते सहा फूट ही नेहमीची मर्यादा आहे. आपली उंची पाहता साडेपाच फूट पुरेल, बोटीचा काठ उंच असल्यास पावणेसहा. विक्रम नोंदवण्याची इच्छा असेल, तर इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नियमानुसार रीलच्या मध्याखालील बिंदूपासून टोक किमान 40 इंच आणि बूड कमाल 27 इंच असावे लागते. साडेपाच फुटांत दोन्ही अटी सहज बसतात.

आता ब्लँक. ग्राफाइट हलका आणि ताठ असतो, पण बोटीच्या काठावर आपटून उठलेला बारीक ओरखडाही त्याला पुढे महागात पडतो, आणि मासा बोटीजवळ आल्यावर रॉड फार उभा धरला की सारा भार टोकाकडच्या भागावर येऊन तो मोडतो. नवख्या माणसाकडून ही चूक हमखास होते. काचतंतूचा ब्लँक जड असला तरी सोशीक असतो. आपल्यासाठी काचतंतू आणि ग्राफाइट यांच्या मिश्रणाचा, 50 पौंडी दोरी ज्याच्या छापील मर्यादेच्या मध्यावर येते असा ब्लँक घ्यावा. कारागिराने लांब ब्लँक कापून देतो म्हटले, तर कोठून कापणार ते आधी विचारा : टोकाकडून कापल्यास रॉड ताठ होतो, बुडाकडून कापल्यास टोक तसेच राहून एकूण ताकद उतरते. दोरी ओवायच्या कड्या बांधण्यापूर्वी त्या तात्पुरत्या चिकटवून, दोरीचे टोक स्प्रिंगच्या काट्याला अडकवून 7 किलोपर्यंत ओढून पाहा. टोकाकडील निम्मा भाग चांगला वाकावा, वाक पुढच्या मुठीकडे सरकत यावा, पण मुठीजवळ ब्लँकने मान टाकता कामा नये.

नाशिकहून मुंबई आणि पुढे विमान असा प्रवास असल्याने अल्युमिनियमचे सुटे होणारे बूड बसवून घ्या. ब्लँकला मध्ये जोड देऊ नका. बुडाच्या तळाशी फुलीची खाच असलेली धातूची टोपी हवी, म्हणजे ती पट्ट्याच्या वाटीतल्या खिळीवर बसते आणि रॉड हातात फिरत नाही.