नोकरी सांभाळून सर्पमित्र व्हायचं आहे. साप पकडायला कुठे शिकता येईल?

शिकवणारे तालुक्याला दहा भेटतील, त्याची चिंता नको. वनविभागाच्या कार्यालयात जाऊन ओळख करून घ्या आणि एखाद्या जुन्या माणसाबरोबर दोन पावसाळे हात मागे बांधून फिरा. पकडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

मी कॉलेजच्या वयात यात पडलो ते नीलमकुमार खैरे यांच्यामुळे. १९८० साली ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास राहिले, साप उगाच चावत नाही हे लोकांना दाखवायला. पुढे १९८६ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं. आमच्या पिढीने त्या ७२ तासांतला थरार तेवढा उचलला, मुद्दा सोडून दिला.

वाळव्याकडे एका वस्तीवर गोठ्यात धामण, म्हणजे बिनविषारी साप, निघाली होती. आजी हटून बसलेल्या, "म्हशीच्या पायांना इळखा घालून दूध पिती ती." माझा तेव्हाचा जोडीदार काठी घेऊन पुढे सरसावला, पोरांचे मोबाईल वर. मी त्याला अडवलं आणि आजींजवळ बसलो. सापाला दूध ओढताच येत नाही, मागे वळलेले दात आचळाला लागले तर म्हैस लाथ घालील, असं सांगत राहिलो. मग पेंडीच्या पोत्यांमागे उंदरांनी केलेला कुटाणा दाखवला. आजी जरा वेळाने म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ दे की." तोवर धामण उसात गेलीसुद्धा.

परतताना गाडीवर जोडीदार म्हणाला, "तू साप पकडायला येतोस का कीर्तन करायला?" पोरांसमोर रिकाम्या पोत्यानिशी निघायची त्याला लाज वाटली होती. त्याचं म्हणणं एकच, आपण नेला नाही तर लोक ठेचतात. ठेचतात, काही घरांत. पण लांब डोंगरात सोडलेल्या सापाला तिथलं बीळ माहीत नसतं, भक्ष्य कुठे ते माहीत नसतं. इकडे गोठ्यात उंदीर तसेच, म्हणजे पुढचा साप ठरलेला. गळ्यात नाग घातलेले त्याचे फोटो अजून फिरतात, आणि पोरं त्यालाच फोन करतात.

आता हेही सांगतो. घरात नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं असेल तर कीर्तन नको, प्रशिक्षित माणसाने साप हलवायलाच हवा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटायला लागतात. मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठायचा. प्रतिविष याच चौघांच्या विषावर चालतं. आणि पकडलेला साप घरी ठेवू नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे.

नोकरीचं म्हणाल तर फोन रात्री दोनलाही येतो, त्यामुळे घरच्यांना आधी विचारा. पेट्रोल आपलं. लोक पैसे देऊ करतात. मी घेत नाही, जोडीदार घ्यायचा, आणि आमचं खरं बिनसलं ते त्यावरून.