फॉरमॅट केल्यावरही परत येणारे स्पायवेअर

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात आमचे हळदीचे अडत दुकान असून त्याचे हिशेब मी घरच्या संगणकावर ठेवते. दोन महिन्यांपूर्वी ब्राउझर उघडला की भलतेच सर्चचे पान येऊ लागले आणि ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे’ अशा सूचना कोपऱ्यात सतत झळकू लागल्या. तंत्रज्ञाने स्पायवेअर (नकळत शिरून माहिती चोरणारा प्रोग्राम) असल्याचे सांगून सगळे फॉरमॅट करून दिले, पण चार दिवसांत तेच पान परत आले. बँकेचे व्यवहारही याच संगणकावरून होतात. काय करावे?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : फॉरमॅटनंतरही तेच पान परत आले, ही तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती आहे. फॉरमॅटने डिस्क पुसली जाते. त्यानंतर आपणच जे पुन्हा आत आणतो, त्याला फॉरमॅट अडवू शकत नाही.

पहिला संशय एक्स्टेन्शनचा, म्हणजे ब्राउझरला जोडल्या जाणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा. क्रोममध्ये गूगल खात्याने साइन इन करून सिंक (खात्यात साठवलेल्या गोष्टी आपोआप संगणकावर आणणारी सोय) चालू ठेवले, की बुकमार्कांबरोबर जुनी एक्स्टेन्शनेही खात्यातून उतरून येतात. त्यांची यादी उघडून, जे आपण जाणूनबुजून घेतलेले नाही ते प्रत्येक काढून टाकावे. ‘पीडीएफ कन्व्हर्टर’ किंवा ‘कूपन’ अशी साळसूद नावे पाहून हात आखडता घेऊ नये.

दुसरा संशय अधिक गंभीर आहे. फॉरमॅटनंतर टाकलेले विंडोज किंवा ऑफिस परवान्याचे आहे, की ‘ॲक्टिव्हेटर’ने (परवान्याशिवाय सॉफ्टवेअर चालू करून देणाऱ्या प्रोग्रामने) चालू केलेले, हे तंत्रज्ञाला स्पष्ट विचारावे. असा ॲक्टिव्हेटर चालवताना डिफेंडर (विंडोजमधला अंगभूत अँटिव्हायरस) बंद करायला सांगितले जाते आणि पुष्कळदा एखादा फोल्डर, कधी तर संपूर्ण सी ड्राइव्ह, तपासणीतून वगळला जातो. मग डिफेंडर कितीही वेळा चालवला तरी तो त्या जागी पाहतच नाही आणि ‘धोका आढळला नाही’ असा निर्वाळा देतो. विंडोज सिक्युरिटीत ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’खालील ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये तळाशी ‘एक्सक्लूजन्स’ची यादी असते. घरच्या संगणकावर ती रिकामी असायला हवी. तेथे काही दिसल्यास काढावे आणि मगच डिफेंडरची ‘ऑफलाइन स्कॅन’ चालवावी. यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण जागे होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे एरवी दडून बसणारे प्रोग्रामही सापडू शकतात. ॲक्टिव्हेटर वापरल्याचे कळले, तर मात्र परवान्याच्या विंडोजने पुन्हा फॉरमॅट करण्यावाचून मला दुसरा मार्ग दिसत नाही. हिशेबाचा बॅकअप घ्यावा, पण सेटअपच्या जुन्या फायली सोबत घेऊ नयेत.

कोपऱ्यातील सूचना बहुधा वेगळ्याच असतात. एखाद्या संकेतस्थळाने विचारले असता घाईत ‘अलाऊ’ दाबले गेलेले असते, एवढेच. ब्राउझरच्या ‘साइट सेटिंग्ज’मधील ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन ती परवानगी काढावी. त्या सूचनांतून जो ‘क्लीनर’ घ्यायला सांगतात, तो कदापि घेऊ नये.

बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड आजच बदलावेत, पण याच संगणकावरून नव्हे, कारण टाइप केलेली अक्षरे टिपणारा प्रोग्राम नवा पासवर्डही टिपेल. स्वच्छ फोनवरून ते करावे आणि ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ हा पर्याय निवडावा. काही स्पायवेअर पासवर्डऐवजी आधीच चालू असलेले लॉगिनच पळवतात, त्यामुळे नुसता पासवर्ड बदलणे अपुरे पडू शकते. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले, तर बँकेला कळवून लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

पुढच्यासाठी एक बदल करावा. रोजच्या कामासाठी ‘स्टँडर्ड’ खाते ठेवून ‘ॲडमिनिस्ट्रेटर’चा पासवर्ड स्वतःपाशी ठेवावा, म्हणजे घरातील मुलांनी खेळ उतरवला तरी मूळ व्यवस्थेत बदल करण्यापूर्वी संगणक तो पासवर्ड मागेल.

प्रश्न : संगणकात दोन अँटिव्हायरस ठेवले तर संरक्षण दुप्पट होते का?
— एक वाचक, कराड, जि. सातारा

उत्तर : नाही. सतत पहारा देणारे दोन प्रोग्राम एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक मंदावतो. म्हणूनच दुसरा अँटिव्हायरस बसवल्यावर डिफेंडर सहसा स्वतःहून बाजूला होतो. मात्र त्या दुसऱ्याची वर्गणी संपूनही तो तसाच पडून असेल, तर तो काढून टाकावा आणि डिफेंडर पुन्हा चालू झाल्याची खात्री करावी. तसेच विंडोज १० वापरत असाल, तर त्याचा नियमित आधार (सुरक्षेच्या सुधारणा मिळणे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे ध्यानात घेऊन संगणकाला विंडोज ११ चालते का, ते आधी तपासावे.